भाड्याच्या घरातील बाथरूम आणि व्हीलचेअर

प्रश्न: माझ्या पतींच्या मज्जारज्जूला अपघातात इजा झाली असून त्यांच्या कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेली आहे. हातांत ताकद चांगली आहे. पुनर्वसन केंद्रातून ते दीड महिन्याने घरी येतील. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि भाडेकराराची अजून दोन वर्षे शिल्लक आहेत. इमारतीला लिफ्ट आहे, घरात व्हीलचेअर फिरू शकते, अडते ती फक्त बाथरूमपाशी. बाथरूम बोळाच्या टोकाला आहे. दार आतल्या बाजूला उघडते आणि पूर्ण उघडले तरी ६१० मि.मी. एवढीच वाट मिळते. केंद्राने दिलेली व्हीलचेअर ६३० मि.मी. रुंद आहे आणि उशीसह तिची बैठक जमिनीपासून ५०० मि.मी.वर येते. उंबरठा बाहेरून ५० मि.मी. उंच आहे आणि आतली फरशी उंबरठ्यापेक्षा ७० मि.मी. खोल आहे. आत १५०० बाय २२०० मि.मी. जागा आहे. दारासमोरच्या भिंतीला उजव्या कोपऱ्यात कमोड आहे, त्याची बैठक ४२० मि.मी. उंचीवर आहे. कमोडच्या डावीकडे शॉवरची जागा आणि दाराजवळ डाव्या भिंतीला वॉशबेसिन आहे. घरमालकांनी फरशी फोडायची नाही असे स्पष्ट सांगितले आहे. नातेवाईक घरच बदलायला सांगतात. सुरुवात कुठून करावी आणि घरमालकांशी काय बोलावे?

उत्तर: पत्रासोबत तुम्ही इतकी नेमकी मापे पाठवलीत, त्यामुळे मला अंदाजाने लिहावे लागत नाही. घर बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा, असे मी स्पष्टच सांगते. तुमच्या बाथरूमची मांडणी तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच सोयीची आहे, कारण कमोडच्या डाव्या बाजूला शॉवरची जागा असल्याने तिथे सुमारे ९०० मि.मी. रुंदीची पट्टी मोकळी राहते आणि व्हीलचेअर कमोडला समांतर उभी करायला तेवढी पुरते. अनेक प्रशस्त बाथरूममध्ये नेमकी हीच जागा नसते. तिथे बेसिन, कपाट किंवा वॉशिंग मशीन येऊन बसलेले असते. तुमच्याकडे अडचणी आहेत त्या दाराच्या, उंबरठ्याच्या आणि उंचीच्या. या तिन्ही गोष्टी फरशीला हात न लावता आणि करार संपल्यावर मूळ स्थितीत आणता येतील अशा रीतीने सोडवता येतात.

मात्र सामानाची यादी करण्याआधी एक गोष्ट ठरायला हवी. तुमच्या पत्रात बाथरूमची सगळी मापे आहेत, पण ही खोली जे वापरणार आहेत त्यांचे म्हणणे कुठेच आलेले नाही. तुमचे पती व्हीलचेअरवरून कमोडवर कसे जाणार, यावर बाकीचे जवळजवळ सगळे अवलंबून आहे. खुर्ची शेजारी लावून, हातांवर भार घेऊन ते बाजूला सरकतील का? दोन बैठकांच्या मध्ये ट्रान्सफर बोर्ड ठेवून घसरत जातील का? की सुरुवातीचे काही महिने दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय हे जमणार नाही? आणि डावीकडून उजवीकडे सरकणे त्यांना सोपे जाते की उलट? ही उत्तरे ते स्वतः आणि त्यांचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे तज्ज्ञ) देऊ शकतात. तुमची मापे घेऊन केंद्रात जा. तिथल्या जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने १५०० बाय २२०० चा आयत आखा, कमोडच्या जागी तेवढ्याच उंचीची बैठक ठेवा आणि त्यांना त्या आयतात प्रत्यक्ष हालचाल करून पाहू द्या. घरी येण्याआधी करता येण्यासारखी याहून उपयोगी आणि बिनखर्चाची दुसरी तयारी मला माहीत नाही.

या चाचणीत एक गोष्ट ताबडतोब लक्षात येईल. व्हीलचेअर जागच्या जागी पूर्ण वळवायला साधारण १५०० मि.मी. व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते आणि बेसिनमुळे ते तुमच्याकडे मिळणार नाही. म्हणून खुर्ची बोळात शिरण्याआधीच, खोलीत वळवून घ्यायची, पाठमोरी आत न्यायची, कमोडच्या डावीकडे उभी करायची आणि बाहेर येताना सरळ पुढे यायचे. दार बोळाच्या टोकाला समोरासमोर आहे, त्यामुळे हे शक्य होते. दार बोळाच्या बाजूच्या भिंतीत असते तर माझा सल्ला कदाचित वेगळा असता.

आता दाराकडे वळू. आत उघडणारे दार अरुंद असते एवढाच त्याचा दोष नाही. आत कोणी पडले आणि दाराला टेकून राहिले तर बाहेरच्या माणसाला ते ढकलता येत नाही, आणि हा धोका अरुंदपणापेक्षा मोठा आहे. सर्वात सोपा उपाय म्हणजे पल्ला बिजागऱ्यांतून काढून ठेवणे. पल्ल्याची जाडी वाटेतून गेल्यावर तुम्हाला सुमारे ६५० मि.मी. मिळतील. चौकटीला आतून लाकडी पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असेल तर ती सुताराकडून काढून आणखी थोडी जागा मिळते. पल्ल्याच्या जागी जाड पडदा लावता येईल, पण हा निर्णय त्यांना विचारून घ्या. प्रौढ माणसाला पडद्याआड शौचास बसणे नकोसे वाटू शकते आणि ते नकोसे वाटणे रास्तच आहे. तसे असेल तर तोच पल्ला बाहेरच्या बाजूला उघडेल असा फिरवून घेता येईल का, हे सुताराला विचारा. त्यासाठी ऑफसेट बिजागऱ्या वापराव्यात. दार काटकोनात उघडल्यावर त्या पल्ल्याला वाटेतून पूर्णपणे बाजूला नेतात. कडी अशी घ्या की अडचणीच्या वेळी ती बाहेरूनही उघडता येईल. घडीचे सरकते दार मात्र घेऊ नका, कारण मिटलेल्या घड्या चौकटीतच साठतात आणि मिळवलेली जागा पुन्हा गिळतात. काढलेला पल्ला, बिजागऱ्या आणि स्क्रू एकत्र बांधून जपून ठेवा.

६५० च्या वाटेतून ६३० ची खुर्ची जाते, पण दोन्हीकडे जेमतेम १० मि.मी. उरतात आणि चाकाच्या कड्यावर हात ठेवून ती चालवली तर बोटे सोलवटतात. ज्यांच्या हातांत ताकद आहे त्यांना चाके सोडून चौकट धरून स्वतःला ओढत आत जाण्याचे तंत्र शिकवता येते; थेरपिस्टकडून त्याचा सराव करून घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केंद्राने दिलेली खुर्ची हीच त्यांची कायमची खुर्ची आहे का, हे विचारा. तात्पुरत्या वापराच्या खुर्च्या पुष्कळदा अंगापेक्षा रुंद असतात. स्वतःच्या मापाने घेतलेल्या खुर्चीची रुंदी तीन-चार सेंटिमीटरने जरी कमी झाली तरी दाराचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. खुर्चीची मागणी अजून नोंदवली नसेल तर दाराचे माप हातात घेऊनच ती नोंदवा.

उंबरठा आणि आतली खोलगट फरशी हा सगळ्यात विचार करायला लावणारा भाग आहे. बाहेरच्या बाजूने सोपे आहे. उताराचे सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे ५० मि.मी. उंचीला ६०० मि.मी. लांबीचा रॅम्प लागेल आणि सरळ बोळात तो ठेवता येईल. रबराचा, जड, खाली न सरकणारा रॅम्प घ्या. आतल्या बाजूला मात्र त्याच हिशेबाने ८४० मि.मी.चा उतार लागेल. कागदावर तोही बसतो, पण मी तो सुचवणार नाही. बाथरूममधला उतार कायम ओला राहील, बेसिन नेमके त्या उतारावर येईल आणि तिथे खुर्ची स्थिर ठेवून दात घासणेही अवघड होईल. शिवाय बाहेर पडताना ओला चढ आणि लगेच पलीकडचा उतार असे दोन्ही ओलांडावे लागेल.

त्याऐवजी आतली फरशीच सुट्या जाळीदार पाटांनी उचलून घ्या. उंबरठ्याच्या माथ्यापेक्षा १० मि.मी. कमी, म्हणजे सुमारे ६० मि.मी. उंचीचे पाट संपूर्ण जागेत बसवायचे. १० मि.मी. मुद्दाम सोडायचे, कारण तेवढी पायरी चाक ओलांडते आणि वरून वाहणारे पाणी घराबाहेर येण्याऐवजी अडते. शॉवरचे पाणी फटींतून खाली मूळ फरशीवर पडते आणि पूर्वीसारखेच निचऱ्याच्या जाळीकडे वाहून जाते. फटी १३ मि.मी.पेक्षा रुंद असू नयेत आणि पट्ट्या चाकांच्या दिशेला आडव्या याव्यात. उभ्या आल्या तर पुढची लहान चाके फटीत अडकतात. लाकूड फुगते आणि बुरशी धरते, म्हणून जाड प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम बरे. पाय खालून कमी-जास्त करता येणारे हवेत, कारण मूळ फरशीला पाण्यासाठी उतार असतो. खुर्ची, ते स्वतः आणि मदतीला उभ्या असलेल्या तुम्ही, असा सगळा भार चाकाखालच्या अगदी छोट्या ठिकाणी एकवटतो. तेव्हा पाट किती भार पेलतो हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. एका माणसाला उचलता येतील एवढ्या तुकड्यांत ते करून घ्या आणि दर आठवड्याला उचलून खालची फरशी धुवा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर महिन्याभरात दुर्गंधी सुरू होते.

पाट टाकले की एक नवा गुंता उभा राहतो आणि बहुतेकांच्या तो लक्षात येत नाही. जमीन ६० मि.मी. वर आली म्हणजे कमोड तेवढाच खाली गेला. आजची ४२० ची बैठक पाटावरून मोजली तर ३६० भरेल आणि व्हीलचेअरची बैठक मात्र ५०० वरच राहील. वरून खाली सरकणे सोपे असते. ओल्या अंगाने १४० मि.मी. वर परत चढणे खांद्यांना फार जड जाते, आणि ज्यांना पुढचे सगळे आयुष्य खांद्यांच्या जोरावर हालचाल करायची आहे त्यांनी खांदे जपलेच पाहिजेत. म्हणून कमोडवर उंची वाढवणारी बैठक लागेल. तुमच्या बाबतीत सुमारे १२० मि.मी.ची वाढ योग्य ठरेल. म्हणजे बैठक ४८० पर्यंत येईल. ती भांड्याला पकडीने घट्ट आवळता येणारीच घ्या. नुसती वर ठेवायची बैठक बाजूने जोर पडताच कलंडते, आणि बाजूने सरकताना जोर तिथेच पडतो.

हे सगळे वाचून तुम्हाला दडपण आले असेल तर आता मी पहिल्या काही महिन्यांसाठी जो मार्ग सुचवणार आहे तो अधिक सोपा आहे. चाके असलेली, मधे भोक असलेली शॉवर-कमोड खुर्ची घ्या. पती पलंगावरून, कोरड्या आणि मोकळ्या जागेत, एकदाच तिच्यावर बसतील. खुर्ची थेट कमोडच्या वर ढकलता येईल, नंतर तीच शॉवरखाली घेता येईल आणि तशीच पलंगापर्यंत परत आणता येईल. ओल्या जागेत एकदाही सरकावे लागत नाही. मज्जारज्जूच्या इजेनंतर शौचाला पुष्कळदा बराच वेळ बसावे लागते आणि संवेदना नसलेल्या त्वचेला कडक बैठकीवर बेडसोअर होण्याचा धोका असतो, म्हणून या खुर्चीची बैठक गादीची असावी, तिला पाठ आणि हात असावेत आणि चारही चाकांना ब्रेक असावेत. लहान चाकांची खुर्ची मोठ्या चाकांच्या खुर्चीपेक्षा बरीच अरुंद मिळते आणि तुमच्या दारातून सहज जाईल, पण ती दुसऱ्याने ढकलावी लागते, हा तिचा तोटा मान्य करायला हवा. घेण्याआधी कमोडची झाकण-बैठक काढून भांड्याच्या कडेची उंची पाटाच्या पातळीवरून मोजा, मागच्या टाकीला खुर्ची अडणार नाही ना हे पाहा, आणि पाट कमोडच्या दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत येतील असे करून घ्या, नाहीतर एका बाजूची चाके अधांतरी राहतील. भांडे आता तुलनेने खाली गेले असल्यामुळे बैठक आणि भांडे यांत अंतर पडेल. शिंतोडे अडवणारी कड असलेली खुर्ची निवडा.

इजेनंतरच्या पहिल्या वर्षात शरीराची ताकद, तोल आणि सरकण्याचे कौशल्य झपाट्याने बदलत असते. आज मदत लागणारा माणूस काही महिन्यांत स्वतः बाजूने सरकू लागू शकतो. त्यामुळे उंच बैठक आणि भिंतीवरचे ग्रॅब बार (आधारासाठी धरायचे दांडे) यांची नेमकी जागा आत्ताच ठरवण्याची घाई करू नका. परवानगी मात्र आत्ताच सगळ्याची घ्या.

ग्रॅब बारबद्दल मी थोडी कडक आहे. काचेला किंवा टाइलला हवेच्या दाबाने चिकटणारे बार भाडेकरूंना आकर्षक वाटतात, कारण छिद्र पाडावे लागत नाही. तोल सावरायला एखाद्याला ते पुरत असतील, पण ज्याचा सगळा भार हातावर येणार आहे त्याने त्यांच्यावर विसंबू नये. ते अचानक सुटू शकतात. उजव्या भिंतीला स्क्रूने पक्का बसवलेला आडवा बार आणि डावीकडे, मागच्या भिंतीला बसवलेला, वर उचलून ठेवता येणारा बार अशी जोडी त्यांना लागेल. डावा बार उचलता येणाराच हवा, नाहीतर व्हीलचेअर येण्याची वाटच बंद होते. पकडीसाठी ३२ ते ४० मि.मी. व्यास आणि भिंतीपासून साधारण ४० मि.मी. अंतर ठेवतात, अंतर जास्त असेल तर हात निसटून कोपर आत अडकू शकते. पक्का बसवलेला बार निदान ११३ किलो वजनाइतका जोर सहन करणारा असावा, असे अमेरिकेचे प्रवेशसुलभतेचे मानक सांगते, आणि तेवढी अपेक्षा कुठेही ठेवायला हरकत नाही. भिंत भरीव आहे की पोकळ, हे छिद्र पाडण्याआधी तपासून घ्या, कारण पोकळ भिंतीला वेगळ्या प्रकारचे अँकर लागतात. टाइलमधून जाताना ड्रिलचा हातोडीचा ठोका बंद ठेवावा, स्क्रूची पकड टाइलमध्ये न राहता मागच्या भिंतीत जावी आणि छिद्र सिलिकॉनने बंद करावे. बारची उंची पाटावरून मोजायची आहे, मूळ फरशीवरून मोजायची नाही, हे कारागिराला लिहूनच द्या.

पाण्याच्या तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. संवेदना नसलेला पाय भाजत असताना कळत नाही. शॉवरला तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवा आणि मर्यादा ४९ अंश सेल्सिअसच्या बरीच खाली ठेवा. लांब नळीचा हँड शॉवर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर अडकवा. आधी थंड पाणी, मग गरम, आणि धार अंगावर घेण्याआधी मनगटावर पाहणे ही सवय लावा. बेसिनखालचा गरम पाण्याचा नळही गुंडाळून घ्या, कारण गुडघे तिथेच टेकतात. बेसिनखाली कपाट असेल तर त्याची दारे काढा. बाकी बेसिनला हात लावण्याची गरज दिसत नाही.

आता घरमालकांविषयी. ‘फरशी फोडायची नाही’ या वाक्यामागे बहुधा खालच्या मजल्यावर गळती होण्याची भीती असते, आणि ती खोटी नाही. फरशीखालचा पाणी रोखणारा थर एकदा तुटला की त्याचा त्रास वर्षानुवर्षे पुरतो. तुम्हाला सुदैवाने ही अट तंतोतंत पाळता येते. त्यांना ‘बाथरूम अपंगांसाठी करून घ्यायचे आहे’ असे मोघम सांगू नका, कारण ते ऐकताच त्यांच्या डोळ्यांसमोर गवंडी आणि राडारोडा उभा राहील. एक पानभर लेखी प्रस्ताव द्या. दाराचा पल्ला काढून जपून ठेवू किंवा बाहेर उघडणारा करू, फरशीवर सुटे पाट ठेवू, उजव्या आणि मागच्या भिंतीत अमुक ठिकाणी डझनभर छिद्रे पडतील, शॉवरचा मिक्सर बदलून जुना जपून ठेवू, काम अनुभवी माणसाकडून करून घेऊ, खर्च आमचा, आणि घर सोडताना त्यांच्या इच्छेप्रमाणे बार तसेच ठेवू किंवा काढून छिद्रे बुजवून देऊ. सोबत आजच्या स्थितीची तारीख असलेली छायाचित्रे जोडा. होकार आला की तो भाडेकराराला जोडपत्र म्हणून दोघांच्या सह्यांनी नोंदवा, म्हणजे अनामत रक्कम परत घेताना वाद होणार नाही. तोंडी होकारावर ड्रिल चालवू नका.

ते नाही म्हणाले तर कायद्याचा आधार पाहावा लागेल. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात वाजवी सोय नाकारणे हा भेदभावाचाच प्रकार मानला आहे, आणि अनेक देशांत भाडेकरूला स्वखर्चाने आवश्यक बदल करू देण्याचे बंधन घरमालकावर असते. खर्च कोणाचा आणि घर पूर्ववत कोणी करायचे याचे नियम मात्र ठिकठिकाणी वेगळे आहेत, म्हणून तुमच्या भागातील अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे किंवा कायदेविषयक मदत केंद्राकडे चौकशी करून ठेवा. पहिल्याच पत्रात कलमे लिहू नयेत, असे माझे मत आहे. याच घरात पुढची दोन वर्षे काढायची आहेत आणि नळ बिघडला तर फोन त्याच माणसाला करायचा आहे.

दीड महिन्यात कामांचा क्रम असा ठेवा: या आठवड्यात थेरपिस्टची भेट आणि आखलेल्या आयतातली चाचणी, त्यानंतर लगेच घरमालकांना पत्र, परवानगी येताच दार आणि पाट, आणि शॉवर-कमोड खुर्ची ते घरी येण्याच्या निदान आठवडाभर आधी. ते घरी आल्यावर पहिली फेरी कपडे घालून, पाणी न सोडता, दिवसाउजेडी करा. कोणते चाक कुठे अडते आणि हात कुठे पोहोचत नाही हे तेव्हाच कळेल. बसलेल्या आणि जमिनीवर पडलेल्या अशा दोन्ही स्थितींत हाताला लागेल अशी बिनतारी बेल आत लावा आणि तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो का ते दार किंवा पडदा बंद ठेवून, शॉवर चालू करून तपासा.